पाच वाजताची मोटर

शाळा बंद असली की मास्तरांची चैन असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या शिक्षकखोलीत येऊन बसायला हवं होतं. मी राहते बारामतीत, शाळा लासुर्ण्याच्या बाजूला. रोज सकाळी सणसरवरून स्कूटी हाणत जायचं, कुलपं उघडायची आणि रिकाम्या वर्गात भिंतीकडं तोंड करून मोबाईलवर मराठीचा तास घ्यायचा. पडद्यावर पाच-सहा चौकोन दिसायचे. त्यातल्या एका चौकोनात छताचा पंखा, दुसऱ्यात म्हशीचं शेपूट. मी "आवाज येतोय का?" विचारायचे आणि उत्तर म्हणून कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्टी द्यायचा. माझा स्वभाव मुळातच तापट. एरवी मी वर्गात पाऊल टाकलं की पोरं गप्प व्हायची. आता ती आपली आपणच गप्प होती आणि डोळे वटारायला समोर कुणी नव्हतं.

कारण उघड होतं. घरात फोन एक, आणि तो घरात नसायचा. तो बापाच्या खिशात, आणि बाप दुधाच्या गाडीवर, नाहीतर एमआयडीसीत, नाहीतर रानात. मोठी पोरं तरी चतुर. फोन कधी घरी येतो, कधी चार्जिंगला लागतो, हे त्यांना पाठ असायचं आणि हट्ट करून ती तो पदरात पाडून घ्यायची. धाकट्यांना तेवढा हट्ट करता येत नाही. पाचवीचा वर्ग तर मी पाहिलाच नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून चौथी उरकून ती पोरं आमच्याकडं यायची होती. त्यांचे दाखले फाटकातून आत आले आणि पोरं बाहेरच राहिली.

म्हणून मी ठरवलं की नववी-दहावीच्या प्रत्येकानं पाचवीतलं एक पोर आपलं मानायचं. रोज त्याला फोन करायचा, गप्पा मारायच्या, थोडं वाचून घ्यायचं. हेडसरांना सांगितलं. हेडसरांचा स्वतःचा ऊस. ते म्हणाले, "याला जोडओळ म्हणा." उसाच्या दोन ओळी जवळजवळ लावायच्या आणि मग मोकळा पट्टा सोडायचा, अशी लागणीची एक पद्धत आहे. दोन ओळींना पाणी एकच. मला नाव फार आवडलं, पण तसं बोलून दाखवलं नाही, कारण कौतुक केलं की हेडसर भाषण करतात.

नियम मात्र मी केले. फोन म्हणजे बोलायचा फोन. फुलांची चित्रं आणि सुप्रभात पाठवून काम झालं म्हणायचं नाही. आधी जेवलास का, काय खाल्लंस, घरात कोण आजारी नाही ना, हे विचारायचं आणि मग अभ्यास. वेळ एकदा ठरली की बदलायची नाही. आणि पलीकडून कुणी उचललं नाही तर लगेच हात झटकून मोकळं व्हायचं नाही, तीनदा लावायचाच. वाचायला म्हणून मी स्वतः छोट्या छोट्या गोष्टी लिहिल्या, मोठ्या अक्षरात, आणि त्यांचे कागद दूध डेअऱ्यांवर ठेवले. दूध घालायला प्रत्येक घरातलं कुणीतरी जातंच. दुधाची किटली परत जाताना गोष्ट घेऊन जायची. या व्यवस्थेचा मला बराच अभिमान होता.

जोड्या लावताना नववीतली एक मुलगी उरली. लासुर्ण्यात तिच्या अब्बांचं किराणा दुकान. हुशार, पण तोंडाळ. वर्गात मी एक वाक्य बोलले की ही दीड बोलणार. दिवसभर दुकानाच्या फोनवर गिऱ्हाइकांच्या याद्या यायच्या, त्यामुळं तो हिच्या हाती लागायचा नाही. पण पाचच्या सुमाराला अब्बा असरची नमाज पढायला आतल्या खोलीत जायचे, तेवढा वेळ दुकान आणि फोन दोन्ही तिच्याकडं. "पाच म्हंजी पाच, बाई," ती म्हणाली. "अब्बांची नमाज चुकत न्हाय, माझा फोन बी चुकणार न्हाय."

तिला मी जी धाकटी दिली तिच्याबद्दल मला आधीच घोर लागला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी मला मुद्दाम सांगितलं होतं, "ही पोर अक्षर अक्षर जोडून वाचते, कुणाशी बोलत नाही. डोकं चांगलं आहे. पण हिला धरून ठेवा, नाहीतर ही निसटेल." निसटेल म्हणजे काय, ते मला एका रविवारी कळलं. मी तिच्या वडिलांना फोन केला. ते दुधाचा टेम्पो चालवायचे. माणूस साधा, बोलायला अदबीचा.

"बाई, शाळा तर बंदच हाय," ते म्हणाले. "माझ्या बहिणीला इंदापूरला बाळ झालंय. तिला सांभाळाय कुणी न्हाय. म्हटलं, पोरीला तिकडं ठिवावी. हितं बसून तरी काय करतीया? वर्षभर ऱ्हाईल आत्याकडं, मग बघू."

हे 'मग बघू' मी नोकरीच्या इतक्या वर्षांत पुष्कळदा ऐकलंय. आत्याचं बाळ चालायला लागतं, मग दुसरं होतं, मग पोर स्वयंपाकाच्या उपयोगाची होते, आणि बघायचं राहूनच जातं. मी म्हटलं, "दादा, पोळ्यापर्यंत थांबा. एक मुलगी रोज हिला फोन करून वाचून घेईल. त्यात काही दिसलं नाही, तर तुमचं तुम्ही ठरवा." ते तयार झाले. मनापासून नव्हे, पण शिक्षिकेला नाही कसं म्हणायचं म्हणून झाले. मी धाकटीला फोन द्यायला लावला आणि सांगितलं, "उद्यापासून रोज पाच वाजता तुझ्या ताईचा फोन येईल. ताईला गोष्ट वाचून दाखवायची. दाखवशील ना?" पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग वडील म्हणाले, "ऐकलं तिनं, मान हलवली."

पण पाच वाजता वडील टेम्पोवर, म्हणजे त्यांचा फोनही टेम्पोवर. मी प्रवेशाचे कागद काढले. प्रवेशाला धाकटीचे आजोबा आले होते आणि आमच्या क्लार्कनं त्यांना दोन नंबर विचारले होते. पहिला वडिलांचा. दुसरा, घरी असणारा. तोच दुसरा नंबर मी मोठीला दिला आणि विषय माझ्या डोक्यातून गेला.

चार-आठ दिवसांत जोडओळ चांगली धरली. दहावीचा एक मुलगा आपल्या धाकट्याकडून पाढे म्हणून घ्यायचा आणि बदल्यात त्याला बैलांच्या शर्यतीच्या बातम्या सांगायचा. एक जोडी रोज एकमेकांना आज घरात काय भाजी केली ते सांगायची, एवढंच, पण न चुकता. मी संध्याकाळी सगळ्या मोठ्यांना फोन करून हालहवाल घ्यायचे. नववीतली ही मात्र रोज चिडलेली.

"बाई, ती फोन कट करती."

"म्हणजे?"

"दोन रिंगा जात्यात आन् कट. परत लावला की परत कट. तिसऱ्यांदा बी तेच. रोज. शिष्टच हाय तुमची पोरगी."

"लाजत असेल. लावत राहा."

"लाजंल की. पण लाजायचं म्हंजी न्हाय उचलायचा. कट कशापायी करायचा?"

मी म्हटलं, तुला दुसरं कुणी देते, पाचवीत अजून दोघं-तिघं आहेत. ती म्हणाली, "न्हाय बाई. माझीच हाय ती. ती कट करून दमती का मी लावून दमती, बघू." आणि ती लावत राहिली. अब्बा नमाजला उठले की तीनदा फोन. माझा नियम मोडणारी पोरं मी खूप बघितलीत. इतक्या खुन्नसनं पाळणारी ही एकटीच.

मी धाकटीच्या वडिलांना एकदा विचारलं. टेम्पोच्या घरघरीत ते म्हणाले, "बाई, मी बाहेर असतो, मला म्हाईत न्हाय. घरी इचारतो." पण ते विचारायचं राहिलं असावं, कारण त्यांच्या डोक्याला त्या दिवसांत दुसराच ताप झाला होता. तो मला नंतर समजला. त्यांची विहीर भावकीत सामाईक. मोटर एक, पाण्याच्या पाळ्या वाटून दिलेल्या. आमच्याकडं आषाढ-श्रावणात पाऊस नुसता तोंड दाखवून पुढं जातो, त्यामुळं ऐन पावसाळ्यातही सगळे डोळे विहिरीकडंच. चुलतभावाची पाळी संपली, त्यानं मोटर बंद केली, आणि संध्याकाळी बघतो तर त्याच्या नव्या लागणीत पाणी तुंबलेलं. एकदा, दोनदा, मग वरचेवर. "मुद्दाम सोडतोयस," असं चुलतभाऊ म्हणाला. "मी तर मोटरीला हात बी लावला न्हाय," असं हे म्हणाले. आजोबांना वाटायचं, मोटर आपल्या पोरानं, म्हणजे धाकटीच्या वडिलांनीच चालू केली असेल. बोलणं वाढलं, घरं समोरासमोर असून येणंजाणं थांबलं.

आणि एका सकाळी मी शिक्षकखोलीत चहा ओतून घेत होते, तोवर फोन वाजला. धाकटीचे वडील. अदब गेलेली.

"बाई, तुमच्या शाळेनं आमच्या रानात पाणी सोडायचं कधीपास्नं चालू केलंय?"

मला वाटलं, यांनी चुकून भलत्यालाच फोन लावला. पण नाही. आमच्या भागात मोटर चालू करायला आता विहिरीवर कुणी जात नाही. स्टार्टरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवलेलं असतं. त्या नंबरला फोन लावायचा. दोन रिंगा जातात, फोन आपोआप कट होतो आणि मोटर चालू होते. परत लावला की बंद. कुठल्या नंबरवरून मोटर चालू झाली त्याचा मेसेजही मालकाला येतो, पण ते मेसेज कोण वाचतो? भांडण हातघाईवर आलं तेव्हा यांनी बसून वाचले. रोज पाच वाजता एकच नंबर. त्यावर फोन केला तर पलीकडून आवाज आला, "बोला, काय पाठवू? साखर का पोहे?"

आजोबांनी प्रवेशाच्या वेळी घरचा म्हणून जो नंबर सांगितला तो मोटरीचा होता. यात आजोबांना हसण्यासारखं काही नाही. स्वतःच्या नंबराला स्वतः कोण फोन लावतो? माणसाला पाठ असतो तो रोज लावायचा नंबर. त्यांना पाठ असलेला नंबर तोच, आणि तो त्यांनी घडाघडा सांगितला. आणि माझा तीनदा लावायचा नियम! पहिल्या फोनला मोटर चालू, दुसऱ्याला बंद, तिसऱ्याला पुन्हा चालू, आणि मग सहाला लाइट जाईपर्यंत चालूच. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री; दिवसाच्या आठवड्यात ती सहाला जाते. दोनदाचा नियम केला असता तर भावकी सुखात राहिली असती. मी चहाचा कप खाली ठेवला आणि एकटीच खो खो हसले. मग हसू थांबलं, कारण ते फोनवर पुढं बोलतच होते.

"मी आता पेटीला कुलूप घातलंय. माझ्या नंबराशिवाय चालू व्हायची न्हाय. आन् बाई, राग मानू नका, पण ह्ये फोनचं आता बास. पोरीनं एवढ्या दिसांत एक अक्षर वाचलं न्हाय, कुणाशी बोलली न्हाय. पोळ्याची वाट बघण्यात काय मतलब न्हाय. ह्या रविवारी मी तिला इंदापूरला सोडतो."

"मी आज येते," मी म्हटलं. "मी आल्याशिवाय काही ठरवू नका." हे मी विनंतीच्या सुरात म्हणायला हवं होतं, पण तोंडून निघालं ते वर्गातल्या आवाजात.

चारच्या सुमाराला शाळा बंद करून निघाले आणि वाटेत लासुर्ण्यात दुकानापाशी थांबले. मी फोनवर सगळं कळवलं होतं, त्यामुळं मोठी आधीच तोंडावर रुमाल बांधून पायरीवर बसलेली. अब्बा गल्ल्यावरून म्हणाले, "घेऊन जा बाई हिला. पाणी हिनं सोडलंय, माफी बी हिनंच मागाय पायजे." ती मागं बसली. मळ्याचं वळण आलं तेव्हा हळूच म्हणाली, "म्हंजी ती कट करत नव्हती."

"नव्हती."

"मी तिला काय काय बोलली, बाई. मनात."

घरासमोर बाज टाकली होती. वडिलांनी त्या दिवशी टेम्पोवर दुसऱ्याला धाडलं होतं. आजोबा होते, आणि थोडं लांब, यायचं की नाही अशा बेतानं, चुलतभाऊही उभा होता. धाकटीच्या आईनं चहा दिला. मोठीनं चुलतभावासमोर जाऊन सरळ सांगितलं, "काका, पाणी मी सोडलं. मला म्हाईत नव्हतं." त्यावर तो बिचारा काय बोलणार? "असू दे, असू दे," म्हणत त्यानं नजर खाली घातली. दोन्ही घरांमधला ताण तिथंच निम्मा उतरला.

पण माझं काम ते नव्हतं. मी इंदापूरचा विषय काढला. वडील शांतपणे ऐकत होते आणि शांतपणेच नाही म्हणत होते. "बाई, चूक कुणाचीच न्हाय. पण शिकणं तर झालंच न्हाय ना?" मोटरीला केलेल्या फोनांनी कुणाला वाचता येत नाही. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, आवाज चढवला, परत उतरवला. शेवटी म्हटलं, "तिला तरी बोलवा. मी एकदा तिला बघते. शाळेत नाव घातलेलं पोर मी अजून डोळ्यांनी पाहिलं नाही."

आई म्हणाली, "ती हिरीवर असंल. पाचला रोज तिकडंच पळती. हातात कागद घिऊन. आमी म्हणतो, खेळत असंल."

वडिलांनी तिच्याकडं बघितलं. मग उठले. आम्ही त्यांच्यामागून बांधावरून निघालो, चुलतभाऊही आला. विहीर उसाच्या कडेला, तिच्याशेजारी पत्र्याची लहानशी खोपी, खोपीत स्टार्टरची पेटी. वडील पुढं गेले. मी मोठीचा दंड धरून तिला पत्र्याच्या आडोशाला थांबवलं, कारण एकदम एवढी माणसं बघून पोर बुजली असती. पत्र्याच्या फटीतून मला ती दिसली. पोत्यावर मांडी घालून बसलेली, दोन वेण्या, मांडीवर माझ्याच अक्षरातला गोष्टीचा कागद. पेटीकडं तोंड करून ती कशाची तरी वाट बघत होती.

"हितं काय करतीस गं?" वडिलांनी विचारलं.

"ताईचा फोन यायचाय. आज अजून आला न्हाय."

"हितं कुठं फोन येतोय?"

तिनं बापाकडं असं बघितलं की याला एवढंही कसं कळत नाही. "फोन आल्याबिगर मोटर चालू हुती का? बाई म्हणाल्या, पाचला ताईचा फोन येईल. पाचला मोटर चालू झाली. आधी चालू हुती, मग थांबती, मग परत चालू हुती, आन् मग ताई ऐकत बसती. रातच्या लाइटीच्या आठवड्यात ताई येत न्हाय."

"आन् मग तू काय करतीस?"

"वाचून दावती."

"मोटरीला?"

"ताईला," ती म्हणाली. "बोलायचं कुठं त्ये मला कळंना. म्हणून पेटीजवळ बसून मोठ्यानं वाचती."

वडिलांनी चुलतभावाच्या रानाकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "पाणी काकाच्या लागणीत चाललंय, दिसत नव्हतं तुला? बंद का न्हाय केलीस?"

"बंद केली तर ताईचा फोन कट झाला असता."

माझ्याशेजारी मोठीनं तोंडावरचा रुमाल हातानं दाबून धरला. मला वाटलं, ती हसतेय. बघितलं तर तिचे डोळे भरून वाहत होते, आणि रुमाल भिजत होता. माझं तरी काय वेगळं होतं?

वडिलांनी खिशातून फोन काढला आणि मागं वळून चुलतभावाकडं बघितलं. पाळी त्याची होती. त्याच्या रानाकडच्या पाइपाचा कॉक उघडा होता, आणि लागण आधीच भिजलेली. ते दोघं कितीतरी दिवसांत एकमेकांकडं धड बघत नव्हते. चुलतभाऊ म्हणाला, "लाव."

वडिलांनी नंबर लावला. पेटीत खट्ट झालं, मोटर घुमायला लागली, आणि पाइपातून पाणी येऊ लागलं. धाकटीनं लगेच कागद सरळ केला, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. ती गोष्ट कालव्यात पडलेल्या एका चपलेची होती. मी एका दुपारी कंटाळून लिहिलेली. "कालव्यात... चप्पल... पडली. चप्पल... वाहत वाहत... सणसरला आली." जोडाक्षराला अडखळायची, मागं जायची, परत धरायची. पण वाचत होती. अक्षर अक्षर नव्हे, शब्द शब्द. पाण्याच्या आवाजावर चढवायला म्हणून खणखणीत, त्यामुळं बांधावर थांबलेल्या आजोबांनाही ऐकू जात होतं. पान संपलं तशी ती थांबली, आणि पेटीकडं बघत राहिली. रोज थांबत असणार अशीच, आणि रोज नुसती मोटर ऐकत असणार.

मी मोठीला कोपरानं ढोसलं. तिनं रुमाल खाली ओढला, नाक वर ओढलं, आणि पत्र्याआडूनच म्हणाली, "मग पुढं कुठं गेली गं ती चप्पल?"

धाकटी दचकली. पण मागं वळली नाही, आमच्या बाजूला बघितलं नाही. पेटीच्या आणखी जवळ सरकली आणि तिला म्हणाली, "पुढं वाचती, ताई. तुमी ऱ्हावा."

ती दुसरं पान वाचायला लागली. तिकडं पाणी चुलतभावाच्या रानात शिरत होतं, सरीतून वर येत होतं. वडिलांच्या हातात फोन तसाच होता. एक फोन लावला की मोटर बंद झाली असती. त्यांनी त्याकडं बघितलं आणि तो खिशात टाकला. मग खोपीच्या कडेला टेकवलेलं फावडं उचललं. चुलतभावानं दुसरं उचललं. दोघं मिळून पाणी दुसरीकडं वळवायला निघाले. माझ्याजवळून जाताना वडील क्षणभर थांबले. म्हणाले, "बाई, इंदापूरला कळवतो मी. बाळ बघायला दुसरं कुणी बघा म्हणावं. आमच्या पोरीचा पाचला फोन असतोय."